लिंबू-राखेनं घासलेल्या बाटल्या

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीच्या वर्गातच कुठंतरी राहून गेलं, त्याची आधीच माफी मागते. कुणाकडं मागते ते मलाही ठाऊक नाही, कारण ही वही मी पिठाच्या डब्यामागं ठेवते. पण कोरं पान समोर आलं की शाळेतल्या बाईंसमोर उभी असल्यासारखं वाटतं, म्हणून मागितलेली बरी.

येडशीच्या अलीकडं सरांचा द्राक्षाचा मळा आहे. सर कॉलेजातून रिटायर झालेले. मी त्यांच्याकडं झाडलोट करते, भांडी घासते आणि तोडणीच्या दिवसांत द्राक्षं निवडते. त्यांनी ग्रेनाश नावाच्या परदेशी द्राक्षाची बाग लावली, परवाना काढून तो फ्रेम करून भिंतीवर टांगला आणि त्या द्राक्षांची लाल वाईन करून मागच्या थंड खोलीत बाटल्या आडव्या निजवल्या. बाटलीवर ती कुठल्या वर्षाची ते खडूनं लिहायचं, कागद चिकटवायचा तो विकताना. दोन-तीन महिन्यांनी एखादी बाटली उघडून सर आणि त्यांच्या घरच्या काकू चाखायचे, आणि सर कशी झालीय ते लिहून ठेवायचे.

ते ग्लास धुणं माझ्याकडं. नळाखाली धरण्याआधी मी हळूच वास घ्यायची. पीत नव्हते, देवीची शपथ, नुसता वास. नवीला डाळिंब फोडल्यासारखा वास. वर्ष गेलं की त्यात वाळलेली बोरं यायची. तीन वर्षांच्या बाटलीत सुकं अंजीर, चहापत्ती आणि नव्या वहाणेच्या चामड्याचा वास. ग्लास पुसायचं फडकंही सांगायचं. नवीचा डाग गुलाबी पडायचा, जुनीचा चहा सांडल्यागत. ही द्राक्षं पातळ सालीची, रंग लवकर सोडतात, असं सर एकदा काकूंना म्हणाले. मला ते फडक्यानं कधीच सांगितलं होतं. पण बोलणार कोण? चार माणसांत ‘पाणी हवं का’ विचारायलाही मला घाम फुटतो.

मागच्या वर्षी घट बसायच्या आधी सर-काकू आठ दिवस मुलीकडं पुण्याला गेले. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं सगळं धुऊन निघतं, गोधडीपासून वरवंट्यापर्यंत. आमचं घर आटोपलं, जाऊबाईंचं आटोपलं, सरांचंही आटोपलं. राहिली मागची खोली. त्रेचाळीस बाटल्या, धुळीनं माखलेल्या, वर पांढऱ्या रेघोट्या. मला आकडे वाचता येतात. पण हातात घासणी आली की मला आकडा आणि डाग सारखाच दिसतो. सगळ्या बाटल्या हौदावर नेल्या, लिंबू-राखेनं घासल्या, टोपलीत निथळत ठेवल्या आणि जशा हाताला लागल्या तशा परत निजवल्या.

सर आले. खोलीत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी शाबासकीची वाट बघत दारात उभी.

“बाई, यांची वर्षं कुठंयत?”

“पुसली, सर.”

“कशानं?”

“लिंबू अन् राखेनं.”

“लखलखीत निघाल्यात,” सर म्हणाले आणि क्रेटवर बसले.

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. सर हसत नव्हते. दोन दिवसांनी सोलापूरचा एक हॉटेलवाला सगळ्यात जुन्या बारा बाटल्या न्यायला येणार होता, आणि सरांनी त्याला तीन वर्षांची वाईन म्हणून शब्द दिला होता.

“उन्हात वाळत घातल्या न्हाईत मी,” मी म्हणाले. त्याचा काही उपयोग झाला नाही. मग जमिनीकडं बघत म्हणाले, “मी वळखून देते.”

कसं ओळखणार हे सांगायचं म्हणजे उष्ट्या ग्लासांचे वास घेते हे कबूल करणं आलं. केलं. सरांनी मला मोबाईलची बॅटरी दिली. बाटलीच्या गळ्यामागं उजेड धरायचा. विटकरी दिसली आणि तळाशी गाळ जास्त असला की जुनी, जांभळट दिसली की नवी, दोन्हींच्या मधली ती मधल्या वर्षाची. दुपारपर्यंत तीन ढीग लागले. मग सरांनी प्रत्येक ढिगातली एक बाटली उघडली आणि कुठली कुठली ते न सांगता तीन ग्लास पुढं केले.

“तोंडात घ्या, चूळ भरा, बादलीत थुंका. गिळायचं नाही.”

दोन थुंकले. तिसरा भीतीनं गिळला. पण तिन्ही ओळखले.

घरी गेले तर जाऊबाई दारातच. “काय गं, तोंडाला कसला वास?”

“औषध घेतलंय.”

“कुठल्या डाक्टरचं? मलाबी पत्ता दे.”

ते औषध त्या अजून विसरल्या नाहीत.

हॉटेलवाला आला तेव्हा मी दाराआड उभी होते. सरांनी जुन्या ढिगातली आणखी एक उघडली. त्या माणसानं ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घेतला आणि ग्लास पुन्हा उजेडात धरला. सरांचा शब्द माझ्या नाकावर टांगलेला होता.

“छान आहे,” तो शेवटी म्हणाला. “अजून तीन-चार वर्षं ठेवली तर?”

“न्हाय, उतरंल,” दाराआडून कुणीतरी म्हणालं. ते मीच म्हणाले होते.

“कोण बोललं?”

“आमच्या बाई,” सर म्हणाले. “मलाही तसंच वाटतं.”

त्यानं बारा बाटल्या नेल्या. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. अकरा उत्तम, एक मात्र कोवळी निघाली. सरांनी तिचे नऊशे रुपये त्याला परत पाठवले. ते मी देणार असं मी म्हणाले.

“बाई, बारांत एक चुकली. कॉलेजात मी याहून जास्त चुकलोय.”

“तुमच्या चुकीचं तुम्ही बघा, माझ्या चुकीचं मी देते.” हे वाक्य मी घरून पाठ करून गेले होते, नाहीतर निघालं नसतं.

दर महिन्याला शंभर. हातात द्यायला लाजायची म्हणून नोट उपड्या ग्लासाखाली ठेवायची. मधल्या काळात बाटली उघडली की सर मलाही हाक मारू लागले, आणि मी बादलीपाशी उभी राहून बोरं का अंजीर ते सांगू लागले. खडूही गेला. आता बाटलीवर ऑइलपेंटनं वर्ष लिहितो, म्हणजे मी लिहिते. दोनचा आकडा शेपूट तुटल्यासारखा येतो, पण घासून निघत नाही. मी घासून बघितलंय.

काल नववी नोट ग्लासाखाली ठेवली. सरांनी ती उचलली, ज्या वहीत ते वाईनचं लिहितात ती उघडली आणि लिहिलं, ‘बाईंचे नऊशे पूर्ण मिळाले.’ मी दोनदा वाचलं आणि ग्लास धुवायला घेतले.