डिकीतला तांदूळ

आम्ही अमेरिकेत पार्सिपनीला राहत होतो तेव्हा नवऱ्याच्या सगळ्या मित्रांकडे साध्यासुध्या जपानी गाड्या होत्या. आमच्याकडे एक जुनी जर्मन गाडी होती, इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना देणारी. नवरा पुण्याचा, कामाने सॉफ्टवेअरवाला आणि मनाने गाडीवेडा. "आता असं स्टील कोणी वापरत नाही," हे तो घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचा. रविवारी तो तिला साग्रसंगीत आंघोळ घालायचा. सोमवार ते शुक्रवार मात्र तो मित्राच्या गाडीतून ऑफिसला जायचा आणि ही गाडी मी चालवायचे. मुलीला प्रीस्कूलला सोडणं, वाणसामान, तिची दुखणीखुपणी, सगळं हिच्यातूनच. मतं त्याची होती आणि स्टिअरिंग माझ्या हातात होतं.

माझ्याकडे मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे ती पदवी सुटकेसमध्ये होती आणि मी स्वयंपाकघरात. पण पहिल्याच हिवाळ्यात आमच्या कॉम्प्लेक्सबाहेरच्या चढावर गाडीची मागची बाजू सरकली, तेव्हा काय चाललंय हे मला बरोबर कळलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "हिला विंटर टायर लाव. हे साधे टायर थंडीत कडक होतात, बर्फाला पकडतच नाहीत." त्याच्याच गाड्यांच्या मासिकात तसा लेख होता, तोही मी त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "काकांना विचारतो."

काका म्हणजे आमच्या मंडळींचे सर्वज्ञ. फार वर्षांपूर्वी आलेले, आता रिटायर झालेले डॉक्टर. अमेरिकेतली प्रत्येक गोष्ट, घराच्या लोनपासून दाढदुखीपर्यंत, सगळे त्यांना विचारून करत. पुढच्या पॉटलकला, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गाडीचा प्रश्न त्यांच्यापुढे गेला. पुरुष सोफ्यावर, आम्ही बायका डायनिंग टेबलाशी.

"अरे, आमच्या वेळी सगळ्याच रिअर व्हील ड्राइव्ह असायच्या," काका म्हणाले. "ट्रंकमध्ये, म्हणजे डिकीत, वाळूची पोती टाकायची. वजन आलं की गाडी रस्ता सोडत नाही. टायर-बियर हे मार्केटिंग आहे."

मी तिथूनच म्हटलं, "पण काका, टायरच पकडत नसेल तर वजन टाकून किती फरक पडणार?"

"वहिनी, ट्रॅक्शनचं तसं नसतं," एक मित्र समजुतीच्या सुरात म्हणाला. तो दिवसभर बँकेसाठी कोड लिहायचा. बाकीच्यांनी त्याची री ओढली आणि मी टेबलावरची भांडी आवरायला लागले.

वाळू आणायला नवऱ्याला जिवावर आलं. त्याने त्यावर तोडगा काढला: इंडियन स्टोअरमधून बासमतीची पोती आणि कणकेच्या बॅगा आणल्या आणि डिकीत रचल्या. वजनाचं वजन, शिवाय घरात जागा अडत नाही. ही युक्ती मंडळींना इतकी आवडली की ज्यांच्या गाड्या पुढच्या चाकांवर चालायच्या, ज्यांना मागच्या वजनाचा काही उपयोग नव्हता, त्यांनीसुद्धा डिकीत तांदूळ भरला. त्या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या अर्ध्या बायका भाताच्या वेळी हातात डबा घेऊन पार्किंग लॉटमध्ये जात होत्या.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. घरात माणसं मावेनात इतकी येणार, म्हणून मसालेभात-पुरीचा बेत ठरला. आदल्या दिवशी नवऱ्यानेच सगळी पोती आणि कणकेच्या बॅगा डिकीतून काढून वर आणल्या. "नवीन आणून टाकतो," म्हणाला. भाताची सगळ्यांनी वाहवा केली, काकांनी तर दोनदा घेतला.

सोमवारी सकाळी बर्फ पडत होता, पण प्रीस्कूल चालू होतं. डिकी रिकामीच होती. चढावर वळताना मी जरासा ॲक्सिलरेटर दिला आणि मागची बाजू निघाली ती निघालीच. स्टिअरिंग फिरवलं, पाय काढला, जे जे करायचं असतं ते सगळं केलं. गाडी गर्रकन फिरून समोरच्या लेनमध्ये उलटं तोंड करून थांबली. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चढाच्या वरच्या बाजूने हॉर्न वाजवत येत होता. तो आमच्यापासून इतक्या जवळ थांबला की ड्रायव्हरचे ओठ हललेले मला आरशात दिसले. मागच्या सीटवर मुलीची टोपी डोळ्यांवर आली होती. ती रडली नाही. "आई, आर वी डन?" एवढंच तिने विचारलं. मी मागे वळून तिची टोपी डोळ्यांवरून वर केली.

पुढच्या शनिवारी मंडळी पुन्हा जमली. नवऱ्याने सगळं रंगवून सांगितलं: गाडी कशी फिरली, तरी सरळ कशी उभी राहिली, ओरखडासुद्धा कसा नाही. "बिल्डच तसा आहे यार," कोणीतरी म्हणालं. काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पण सूनबाई, ट्रंक रिकामी ठेवून निघालीस कशी तू?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. पोती त्याने काढली होती, नवीन आणणार तोच होता. तो हसला, आणि सगळे हसले. "आता वहिनी भात लावायच्या आधी विचार करतील," असंही एकजण म्हणाला. मी उठून मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्या हसण्याचा राग माझा आजही गेलेला नाही. ट्रक अंगावर येत होता हे मी विसरू शकते, ते हसणं नाही.

पुढच्या हिवाळ्यातल्या पहिल्याच बर्फात काका आपल्या नव्याकोऱ्या गाडीसकट ड्राइव्हवेवरून घसरले आणि समोरच्या घराच्या मेलबॉक्सवर जाऊन आदळले. आठवड्याच्या आत नवरा आमच्या गाडीला विंटर टायर लावून घरी आला. मी कणीक मळत होते. तो ओट्याला टेकून मला समजावू लागला, "अगं, काका म्हणतात विंटर टायर मस्टच. साधं रबर थंडीत कडक होतं ना, मग ते पकडतच नाही. काका केवढे घाबरलेत, माहितीये?"

मी विचारलं, "काकांच्या मागच्या सीटवर कोण होतं?"

"कोणी नाही, एकटेच होते," तो म्हणाला. "का गं?"