पुजलेलं हत्यार

कात्रजच्या चढाला टायरच्या दुकानाच्या वर हिंमतरावांची सॉफ्टवेअर कंपनी होती. सुशीलाबाईंच्या तीन मंगल कार्यालयांचं बुकिंग इंटरनेटवरून व्हावं, लग्नघरानं घरबसल्या तारीख धरावी, असं वेब अॅप्लिकेशन तिथं बनत होतं. ते दसऱ्याला सुरू व्हायचं होतं. गेल्या दसऱ्याला.

झालं नाही, कारण हिंमतरावांचं हत्यार ठरत नव्हतं. कशात लिहायचं आणि सर्व्हरवर कशानं चढवायचं, या सगळ्याला ते हत्यार म्हणत.

लिहिणारा बुद्धभूषण वाशिमकडचा. त्यानं अर्धं काम पीएचपी या संगणकाच्या भाषेत केलं, तोच हिंमतराव कुठल्याशा सेमिनारहून आले आणि म्हणाले, आता सगळं रूबीत. रूबीत तारखा जुळू लागल्या, तर अमेरिकेतून त्यांच्या मेहुण्याचा फोन आला, ते सोडा, नोड घ्या. बुद्धभूषणनं मान डोलावली आणि तो मूळचं पीएचपीचं काम गुपचूप पुरं करत राहिला, पडीक रानात कुणी मुकाट्यानं बी टाकत जावं तसं. सर्व्हरवर चढवायला त्यानं छोटी स्क्रिप्ट लिहिली. एक आज्ञा दिली की नवं वर जाई. बिघडलं तर जुनं आपोआप परत येई.

"एवढंसंच?" हिंमतराव म्हणाले. "गिऱ्हाइकाला दाखवायचं काय?"

"चालतंय ते दाखवू," बुद्धभूषण म्हणाला.

"त्याची सवय नाही रे आपल्याला," शेजारच्या टेबलावरून दत्तप्रसाद म्हणाला. तो जन्मानं पेठेतला. मान वर न करता बोलायचा.

बुद्धभूषणची आई चंद्रभागा त्याच्याजवळच राहायची. नवरा गेल्यापासून दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणं तिला जमलं नव्हतं. गेल्या वर्षी तिकिटं काढली, पांढरं लुगडं घडी घालून पिशवीत ठेवलं, आणि ऐन वेळी हिंमतरावांनी रूबी आणली. लुगडं परत पेटीत गेलं. या वर्षी तिनं ते बाहेर काढलंच नाही. "तुह्या साहेबाचं ठरलं का आधी ते पाय," एवढंच म्हणाली. ते त्याला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

हिंमतरावांनी सांगून ठेवलं होतं, "हत्यार ठरल्याशिवाय जागचं हलायचं नाही." बुद्धभूषणनं तरीही तिकिटं काढली होती; नागपूरची गाडी खंडेनवमीला संध्याकाळी होती.

खंडेनवमीच्या सकाळी ऑफिस झाडून काढलं. हिंमतराव पुरंदरकडचे. त्यांच्या घरी नांगर, कुळव, विळे मांडून पूजा व्हायची, तशीच ते इथं करत. सर्व्हरचा डबा पाटावर आला, झेंडूची माळ पडली.

"सॉफ्टवेअरला कुंकू कुठं लावायचं?" दत्तप्रसादनं विचारलं.

"नावं लिहून चिकटवा की."

बुद्धभूषणच्या घरी ही पूजा नव्हती. तो दरवर्षी बाजूला उभा राही. या वेळी त्यानं कागद छापून आणला. पीएचपी, तारखा साठवणारं मायएसक्यूएल, आणि खाली स्वतःची स्क्रिप्ट. हिंमतरावांनी न वाचताच हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

दुपारी मेहुण्याचा फोन आला. हिंमतराव उजळलेल्या चेहऱ्यानं उठले. "बुद्धभूषण, सगळं क्लाउडवर न्यायचं हाय. बस खाली."

तो बसला नाही. वर्षभराचा वैताग होता, पण आवाज चढला नाही. "साहेब, पुजलेलं हत्यार वर्षभर बदलत नाहीत, असं तुमचे वडील सांगायचे. तुम्हीच म्हणता."

हिंमतराव पाटाकडे वळले. वाकून, चष्मा सरकवून त्यांनी कागद वाचला. कुंकू नेमकं स्क्रिप्टच्या नावावर सांडलं होतं.

"पीएचपी कोणी पुजली?"

"आपणच," दत्तप्रसाद म्हणाला. "हळदकुंकू वाहून. अक्षताही टाकल्यात."

हिंमतरावांनी चष्मा खिशात घातला. मग म्हणाले, "उद्या सकाळी पूजा उचलल्याशिवाय हात लावायचा नाही. हत्यार ठरलं म्हणजे हा संध्याकाळी गाडीला मोकळा; मग चढवायचं कोणी?"

"एक आज्ञा द्यायची आहे," दत्तप्रसाद म्हणाला. "मी इंजिनिअर आहे, प्रयत्न करून बघतो."

दसऱ्याला दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यांची रांग शेतातल्या पाटाच्या पाण्यासारखी संथ सरकत होती. बुद्धभूषणचा फोन वाजला.

"सुरू झालं," हिंमतराव म्हणाले. "सुशीलाबाईंनी पहिली तारीख धरली. पण ऐक, मेहुणा म्हणतोय..."

चंद्रभागेनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"साहेब," ती म्हणाली, "पोरगं रांगेत हाये. मंग बोला."