ऑपरेशन थिएटरात वाजलेला चिमटा

नव्वदच्या दशकात एसटीची तिकिटं कागदी होती आणि आम्हा कंडक्टरांना प्रत्येक तिकिटाला लोखंडी चिमट्याने भोकं पाडावी लागत. त्या चिमट्यापायी माझ्या उजव्या हाताचा अंगठा बिघडला. दाबला की वाकायचा आणि तिथेच रुसून बसायचा. डाव्या हाताने ओढून सरळ करेपर्यंत पुढचा स्टॉप यायचा. "मास्तर, अंगठ्याला स्टार्टर बसवा की," प्रवासी म्हणायचे. मला हसू येत नसे.

त्यात डेपोत साहेबांनी सांगितलं, "अंगठा सुधारला नाही, तर कायमचं टेबलावर बसावं लागेल." नाशिक-सुरगाणा ही माझी जिवाची गाडी. तो घाट, त्या गप्पा सोडून चार भिंतींत फायली चिवडायच्या? माझं डोकंच फिरलं. त्याच तिरमिरीत मी एका सर्जन डॉक्टरबाईंकडे गेलो.

"चिमटा आणलाय का?" माझं गाऱ्हाणं ऐकून त्यांनी पहिलंच विचारलं.

"दवाखान्यात चिमटा कशाला?" मी फटकन बोललो.

"अंगठा घरी ठेवून आला असता, तर चाललं असतं?"

दुसऱ्या दिवशी मुकाट्याने नेला. बाईंनी स्वतः एका जुन्या कागदाची चाळण केली, मग आपला अंगठा चोळत म्हणाल्या, "फारच कडक आहे हो हा." इतक्या वर्षांत माझ्या चिमट्याची चौकशी कुणी केली नव्हती. मी तिथल्या तिथे ऑपरेशनला हो म्हटलं.

भूल फक्त अंगठ्याच्या बुडाशी होती, मी टक्क जागा. अंगठ्याची शीर जिथे अडकत होती, तिथली आवळलेली पट्टी बाईंनी कापली. मग हातात काहीतरी गार ठेवलं. बघतो तर माझाच चिमटा! त्या दिवसापासून तो बाईंकडेच होता; बाकीच्या हत्यारांबरोबर त्यालाही वाफेची आंघोळ घातली होती.

"वाजवा," बाई म्हणाल्या.

अडकला तर डेपोतलं टेबल! डोळे मिटून दाबलं. टिक. टिक टिक टिक. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून खणखणीत निघालं, "चला, पुढे सरका, पुढे सरका!" शेजारची सिस्टर खरोखरच एक पाऊल पुढे सरकली. बाई इतक्या हसल्या, की टाके घालायला त्यांना जरा थांबावं लागलं.

कामावर जायचा दाखला देताना त्यांनी पहिली ड्यूटी कधी, कुठून, एवढंच विचारलं.

त्या दिवशी नाशिकच्या सीबीएस स्टँडवर गाडी खच्चून भरली होती. तिकिटं फाडत मागे गेलो, तर दोन टोपल्यांच्या मधे डॉक्टरबाई उभ्या. "एक पेठ नाका," त्या म्हणाल्या. दाबलं. अंगठा वाकला आणि आपणहून वर आला. बाई माझ्याकडे नाही, अंगठ्याकडेच बघत होत्या. शहरातल्याच पेठ नाक्यावर त्या उतरल्या आणि लगेच परतीची रिक्षा शोधू लागल्या.

मला रागच आला. आधी सांगायचं नाही का, बसायला जागा तरी केली असती! आणि डोळे भरून आले.

"काय रं मास्तर, डोळ्यात काय गेलं?" सुरगाण्याच्या एका म्हातारीने विचारलं.

"धूळ, आजी," मी म्हणालो आणि पार सुरगाण्यापर्यंत उगाचच चिमटा वाजवत राहिलो.