आबाचं एकच बोट

माझा बाप केरबा चाळीस वर्षं चिकलठाण्याच्या माळावर मेंढरं राखतोय. त्याचं एक बोट सुजलं. गारखेड्याचे डॉक्टर म्हणाले, "सांध्यातल्या पेशींवर ताण आला, की त्या शेजारच्या पेशींना हाका मारतात, मग त्याही बिघडतात. गोळ्या रोज घ्या."

आबा मात्र त्या एकाच बोटाला तेल चोळत बसला. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. सहा महिन्यांत चार बोटं सुजली, तरी म्हणतो, "बाकीचा हात चांगला हाय की!"

माझं डोकंच फिरलं. "आबा, एक मेंढी आजारी पडली तर तू चांगल्या मेंढरांनाबी औषध पाजतोस. कशाला?"

"नायतर उशीर व्हतो," आबा म्हणाला, अन् हाताकडं बघतच राहिला.

गोळी पाकिटातून मलाच काढावी लागली. त्याची बोटं वळतच नव्हती.