मुकादमाचा तुकडा

मासळीच्या कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. काचेच्या टेबलाखाली दिवा लावायचा, वर माशाचे तुकडे पसरायचे आणि आत दडलेले जंत चिमट्यानं उपसायचे, हे तिचं अठरा वर्षांचं काम. दोऱ्याएवढा, वेटोळं घालून बसलेला जंत तिच्या नजरेतून सुटत नसे.

नव्या मुकादमाला हे निवडणं वेळखाऊ वाटलं. "मावशी, मासळी निवडताय की उवा?" असं म्हणून त्यानं टेबलाचा दिवाच बंद करवला. कच्चा खायचा मासा आधी आठवडाभर कडक गोठवायचा, म्हणजे नजरेतून सुटलेला जंत मरतो. तेही त्यानं गुंडाळून ठेवलं. म्हणे, चव जाते!

महिन्याभरात तिचा धाकटा भाऊ हॉटेलात कच्चा मासा खाऊन आला आणि पोट धरून गडबडा लोळला. डॉक्टरांनी घशातून नळी घालून जठरात तोंड खुपसलेला जिवंत जंत ओढून काढला. मासा याच कारखान्यातला होता. ती तडक मुकादमाकडे गेली.

"भावाला चावून खायला शिकवा," तो हसत म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याला सोडायचा नाही, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

खरेदीदार आले की मुकादम त्यांच्यासमोर कच्चा तुकडा ऐटीत तोंडात टाकायचा. त्याचा तुकडा मात्र वेगळ्या कपाटातला, नीट गोठवलेला. तो काचेच्या बशीत काढून ठेवायचं काम तिचंच.

पुढच्या खेपेला तिनं ते कपाट उघडलंच नाही. विक्रीच्या ढिगातून एक तुकडा उचलला. त्यात जंत होता. गुपचूप दिला तर हा गिळेल आणि भावासारखाच लोळेल. तिला ते फार हवं होतं. पण पोटातलं कुणाला दिसतं? चार दिवस लोळून हा पुन्हा खुर्चीत येऊन बसला असता.

तिनं बशी आपल्या जुन्या टेबलावर नेऊन ठेवली. खरेदीदार भोवती जमले. मुकादमानं हात पुढे केला आणि तिनं दिवा लावला.

तुकड्यात जंत वळवळत होता. खरेदीदार वाकून बघू लागले. मुकादमाचा हात हवेतच राहिला.

"खा ना साहेब, आपलाच माल आहे, चावून खा," ती म्हणाली. "की तुमच्यासाठी नेहमीसारखा कपाटातला गोठवलेला आणू?"