पिल्लासाठी कापडी पिशवी

भिवपुरीच्या आत्याकडून कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं आणि आम्हा दोघी बहिणींच्या पायांना भिंगरी लागली. दुधासाठी नारळाची करवंटी घासून गुळगुळीत केली. निजायला गोणपाट झाडून ठेवलं. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला घुंगरू हवंच, म्हणून मी माझं पैंजण तोडलं आणि आईचा धपाटा खाल्ला. खाल्ला तर खाल्ला!

पण सगळ्यात महत्त्वाची होती कापडी पिशवी. आत्यानं बजावलं होतं, "पिल्लाला वाट दिसता कामा नाय गं. दिसली तर उद्या परत माज्या दारात हाय बघ."

मग काय, पिल्लू पिशवीत घातलं, तोंड घट्ट धरलं आणि बांधाबांधानं घरापर्यंत पळत सुटलो. आत ते कुईंकुईं करत होतं, बाहेर आम्ही खिदळत होतो. मागं वळून बघायला सवड होती कुणाला?

सकाळी उठल्याबरोबर मी पडवीत धावले. पिल्लू होतं! गोणपाटावर ऐसपैस पसरून त्याची आई त्याला पाजत होती. करवंटीही तिनंच चाटूनपुसून लख्ख केली होती.

आई दारात येऊन बघत राहिली. मग म्हणाली, "आणखी एक करवंटी घासा."