उभा हरभरा

नातसून मोबाइलवर उदयपूरची हॉटेलं पाहत होती. तेवढ्यात मुलगा वावरातून आला. त्याच्या कपड्यांना हरभऱ्याचा आंबट वास होता, आणि मला आमचे हे आठवले.

तेव्हाही हरभरा असाच सोंगणीला आला होता. हे अकोल्याच्या डॉक्टरला दाखवून आले आणि पाय न धुताच ओसरीवर बसले.

"उदयपूरले जाऊ. नावेत बसू, तिकडची दाल-बाटी खाऊ."

"बट्ट्या तं मी घरीच करतो. अन् हरभरा कोण सोंगीन जी? घाटे गळून राहिले."

"गळू दे."

उभं पीक सोडून हा माणूस सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही थांबला नव्हता. डॉक्टर काय म्हणाले, ते मी विचारलं नाही.

"कधी निघायचं?"

"जमलं तं उद्याच."